थीम पार्कच्या सहलीत मुक्काम कुठे करावा? ऑरलँडोच्या हॉटेल-निवडीचा आढावा

ऑरलँडोला सहकुटुंब जायचे ठरले, विमानाची तिकिटे निघाली, की पुढचे कित्येक दिवस घरात एकाच प्रश्नावर चर्चा रंगते: राहायचे कुठे? डिस्नेच्या आवारातल्या हॉटेलात, की बाहेर पंधरा-वीस मिनिटांवरच्या स्वस्त हॉटेलात? की सरळ तीन-चार खोल्यांचे घरच भाड्याने घ्यायचे? अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे मुलांच्या सुट्टीत तिकडे जातातच. पण एप्रिल-मे महिन्यांत पुण्या-मुंबईहून, नागपूर-कोल्हापूरहून मुलाकडे किंवा लेकीकडे गेलेले आजी-आजोबाही बहुधा त्याच सहलीत सामील होतात. दोन वर्षांचे नातवंड, बारा वर्षांचा नातू आणि गुडघे दुखणारी आजी अशी सगळी मंडळी एका खोलीत किंवा एका घरात चार-पाच दिवस काढणार असतात. खर्चाच्या यादीत हॉटेल बहुतेक वेळा सगळ्यात वर किंवा तिकिटांच्या खालोखाल असते. ते चुकले तर पैसे जातातच, शिवाय पुन्हा लवकर जमणार नाही अशी सहलही थकव्यात निघून जाते. म्हणून या प्रश्नावरच्या निरनिराळ्या भूमिका शांतपणे समोर मांडणे गरजेचे आहे.

प्रश्न कसा उभा राहिला

वॉल्ट डिस्ने यांचे पहिले उद्यान, डिस्नेलँड, कॅलिफोर्नियातील ॲनाहाइम येथे १७ जुलै १९५५ रोजी उघडले. १६० एकरांच्या संत्र्यांच्या बागा घेऊन ते उभारताना पैसा असा संपला की हॉटेल बांधायला कंपनीकडे भांडवलच उरले नाही. डिस्नेलँड हॉटेल त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये उघडले, पण ते बांधले जॅक राथर या निर्माता-उद्योजकाने. कंपनीच्या ताब्यात ते यायला १९८८ साल उजाडले. दरम्यान उद्यानाभोवती मोटेलांची दाटी झाली. पाहुणे डिस्नेमुळे येत, पण राहत आणि जेवत शेजारच्या मालकांकडे.

फ्लोरिडातल्या उद्यानाचा आराखडा करताना हा अनुभव पाठीशी होता. १९६० च्या दशकाच्या मध्यात, वेगवेगळ्या नावांच्या कंपन्यांमार्फत, ऑरलँडोच्या नैर्ऋत्येला २७ हजार एकरांहून अधिक जमीन गुपचूप खरेदी झाली. हेतू एकच होता, कुंपणाबाहेरचा गजबजाट दूर ठेवणे आणि पाहुण्याचा सगळा मुक्काम आपल्या जमिनीवर आणणे. वॉल्ट डिस्ने डिसेंबर १९६६ मध्ये वारले. त्यांचे भाऊ रॉय यांनी काम पुढे नेले आणि १ ऑक्टोबर १९७१ रोजी वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडले. या वेळी मॅजिक किंगडम या पहिल्या उद्यानाबरोबर पहिल्या दिवसापासून दोन हॉटेले होती: कंटेम्पररी आणि पॉलिनेशियन. कंटेम्पररीच्या इमारतीच्या पोटातून मोनोरेल जाते. हॉटेल आणि उद्यान हे एकच स्थळ आहे, हा विचार त्या रचनेतून पाहणाऱ्याला लगेच कळतो.

तरीही पुढची तेरा-चौदा वर्षे आवारातल्या खोल्या मोजक्याच राहिल्या. १९८४ मध्ये मायकेल आयझनर कंपनीचे प्रमुख झाले आणि हॉटेलबांधणीने वेग घेतला. १९८८ मध्ये ग्रँड फ्लोरिडियन आणि कॅरिबियन बीच, १९९४ मध्ये स्वस्त गटातले पहिले ऑल-स्टार, २००१ मध्ये ॲनिमल किंगडम लॉज, २००३ मध्ये पॉप सेंच्युरी, २०१२ मध्ये आर्ट ऑफ ॲनिमेशन. स्वस्त, मध्यम आणि उंची अशी तीन पायऱ्यांची उतरंड तयार झाली आणि सर्वसाधारण मिळकतीच्या कुटुंबालाही आवारात राहणे शक्य झाले. ऑरलँडोतच १९९० मध्ये उघडलेल्या युनिव्हर्सल या दुसऱ्या थीम पार्कनेही १९९९ पासून स्वतःच्या हॉटेलांचा हाच मार्ग धरला.

हॉटेल उद्यानाला चिकटले म्हणजे ते आपोआप भरते असे नाही, हे पॅरिसने दाखवून दिले. एप्रिल १९९२ मध्ये तिथले डिस्नेचे उद्यान सुमारे ५,२०० खोल्यांसह उघडले, पण सुरुवातीची काही वर्षे खोल्या रिकाम्या राहिल्या. पॅरिससारखे शहर तासाभरात गाठता येत असताना पुष्कळ लोक एका दिवसासाठी येत आणि परतत. उद्यानाजवळ राहण्याची गरज भूगोलावर ठरते, हा मुद्दा तेव्हापासून या चर्चेत कायमचा आला.

आज निवडीला काय काय आहे

डिस्ने वर्ल्डच्या आवारात कंपनीची स्वतःची पंचवीसच्या आसपास निवासस्थाने आहेत. स्वस्त गटातली खोली कमी गर्दीच्या रात्री दीडशे-दोनशे डॉलरपासून सुरू होते. मोनोरेलच्या मार्गावरच्या हॉटेलांत पाचशे डॉलरच्या खाली खोली क्वचित मिळते आणि नाताळात तीच हजाराच्याही पुढे जाते. यांच्या बरोबरीने आवारातच, पण दुसऱ्यांनी चालवलेली हॉटेले आहेत. स्वॉन आणि डॉल्फिन ही मॅरियटच्या छत्राखालची जोडी डिस्नेच्या एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओज या उद्यानांपासून पायी अंतरावर आहे. डिस्ने स्प्रिंग्स भागातल्या काही हॉटेलांनाही करारानुसार ठरावीक सवलती मिळतात. बाहेर इंटरनॅशनल ड्राइव्हवर आणि किसिमीकडे जाणाऱ्या १९२ क्रमांकाच्या महामार्गावर शेकडो हॉटेले आहेत. त्यापलीकडे किसिमी, डेव्हनपोर्ट या पट्ट्यात जलतरण तलावासह भाड्याने मिळणारी घरे आहेत. युनिव्हर्सलची हॉटेले वेगळीच. मे २०२५ मध्ये एपिक युनिव्हर्स हे नवे उद्यान उघडले आणि त्याच वर्षी त्यांत तीन नव्या हॉटेलांची भर पडली.

म्हणजे ‘आत की बाहेर’ ही सोयीची विभागणी असली तरी मधली रेघ बरीच पुसट आहे. स्वॉनमध्ये राहणारा पाहुणा पायी उद्यानात पोहोचतो, पण कंपनीच्या हॉटेलात न लागणारे रिसॉर्ट शुल्क आणि वाहनतळाचे भाडे त्याला भरावे लागते. ऑल-स्टारमधला पाहुणा पूर्णपणे डिस्नेचा, पण गाडी नसेल तर बसशिवाय त्याला कुठेच जाता येत नाही.

पहिली भूमिका: आवारातच राहावे

या बाजूचा सर्वांत जुना युक्तिवाद वेळेचा आहे. डिस्नेच्या हॉटेलांतल्या पाहुण्यांना चारही उद्यानांत रोज अर्धा तास आधी प्रवेश मिळतो. अर्धा तास कानाला किरकोळ वाटतो, पण सकाळच्या त्या वेळात एखाद-दोन गर्दीच्या राइड पदरात पडतात आणि दुपारी त्याच राइडसाठी तासभर रांगेत उभे राहण्याची वेळ टळते. रांग टाळण्याच्या सशुल्क लायटनिंग लेनचे आरक्षण आवारातल्या पाहुण्याला मुक्कामाच्या सात दिवस आधी करता येते, बाहेरच्याला तीन दिवस आधी. अतिलोकप्रिय राइडच्या वेळा आधीच संपतात, त्यामुळे हे चार दिवस मोलाचे ठरतात. उंची हॉटेलांतल्या पाहुण्यांसाठी काही ठरावीक रात्री उद्यान बंद झाल्यावरही दोन तास खुले राहते.

दुसरा युक्तिवाद वाहतुकीचा. बाहेरून गाडीने मॅजिक किंगडमला आलेला माणूस थेट दारात पोहोचत नाही. वाहनतळावरून तिकीट केंद्रापर्यंत यायचे, तिथून मोनोरेल किंवा तळ्यातली फेरी पकडायची आणि मग दार. मूल खांद्यावर झोपलेले असताना रात्रीच्या आतषबाजीनंतर हाच प्रवास उलट करायचा. कंटेम्पररीचा पाहुणा मात्र दहा मिनिटे चालून खोलीत पोहोचतो. सप्टेंबर २०१९ मध्ये सुरू झालेल्या स्कायलायनर या हवाई पाळण्यांनी पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशनसारखी स्वस्त हॉटेलेही एपकॉट आणि हॉलिवूड स्टुडिओजला जोडली. पाळण्यात बाबागाडी न मिटता थेट आत नेता येते. बसमध्ये बहुधा ती मिटावी लागते, आणि झोपलेल्या मुलाला उचलून एका हाताने गाडी मिटणाऱ्या आईला या फरकाचे मोल कुणी समजावून द्यायला नको.

तिसरा मुद्दा दुपारचा. उन्हाळ्यात ऑरलँडोला दुपारनंतर विजांच्या कडकडाटासह पाऊस येतो. त्याआधीचे ऊन आणि दमट हवा मुंबईकरालाही दमवते. जेवणानंतर खोलीवर परतायचे, मुलांना झोपवायचे, आजोबांनी पाय पसरायचे आणि संध्याकाळी ताजेतवाने होऊन पुन्हा जायचे, ही रीत जवळ राहणाऱ्यालाच पाळता येते. बाहेर राहणारा एकदा आत गेला की दिवसभर आतच अडकतो.

शिवाय काही हॉटेले स्वतःच पाहण्यासारखी आहेत. ॲनिमल किंगडम लॉजच्या गॅलरीतून समोरच्या कुरणात जिराफ आणि झेब्रे चरताना दिसतात. अशा ठिकाणी खोलीचे भाडे म्हणजे सहलीचाच एक भाग, असे या बाजूचे म्हणणे आहे.

दुसरी भूमिका: बाहेर राहावे, पैसे वाचवावे

विरुद्ध बाजूचा पाया साधा आहे: तेवढ्याच पैशांत बाहेर मोठी खोली, सकाळचा नाश्ता आणि बहुधा स्वयंपाकाचा छोटा कट्टा मिळतो. डिस्नेच्या स्वस्त गटातल्या साध्या खोलीत चार माणसे आणि एक तान्हे एवढीच परवानगी असते. आई-वडील, दोन मुले आणि आजी असे पाच जण असले की दोन खोल्या घ्याव्या लागतात किंवा सहा जणांचा फॅमिली स्वीट घ्यावा लागतो, आणि बचत तिथेच संपते. बाहेरच्या स्वीट-हॉटेलांत पाच-सहा जण एका दारामागे सहज मावतात.

ही बाजू आणखी एक मुद्दा मांडते. पहाटे निघून रात्री दहाला परतणाऱ्या कुटुंबाला खोली फक्त झोपायला लागते. मग तळे, सजावट आणि नावाचे पैसे का मोजायचे? सहलीत डिस्नेचे दोनच दिवस असतील आणि बाकीचे केनेडी अंतराळ केंद्र, समुद्रकिनारा किंवा युनिव्हर्सलसाठी असतील, तर निम्म्या मुक्कामात आवारातल्या सवलती वायाच जातात.

ॲनाहाइमचे उदाहरणही हीच बाजू पुढे करते. तिथे हार्बर बुलेव्हार्डवरची काही जुनी मोटेले डिस्नेलँडच्या दाराला कंपनीच्या डिस्नेलँड हॉटेलपेक्षा जवळ आहेत. बाहेर म्हणजे दूर, हे समीकरण कॅलिफोर्नियात टिकत नाही.

मात्र हिशेब पूर्ण मांडला तर फरक आकुंचन पावतो. समजा, बाहेरच्या खोलीचे भाडे १२० डॉलर आणि रिसॉर्ट शुल्क ३० डॉलर आहे. ऑरेंज काउंटीत विक्रीकर आणि पर्यटनकर मिळून १२.५ टक्के लागतात, म्हणजे बेरीज सुमारे १६९ डॉलर. उद्यानाच्या वाहनतळाचे सुमारे ३० डॉलर धरले की आकडा १९९ वर जातो. आवारातली १८० डॉलरची खोली करासह साधारण २०३ डॉलरला पडते आणि तिथे उद्यानाचा वाहनतळ मोफत असतो. उलट बाहेरच्या हॉटेलात चौघांचा गरम नाश्ता भाड्यातच मिळत असेल, तर पारडे पुन्हा बाहेरच्या बाजूला झुकते. हे आकडे नमुन्यादाखल आहेत, पण त्यांतून एक गोष्ट दिसते: नुसत्या भाड्याची तुलना कोणत्याच बाजूला न्याय देत नाही. मे २०२५ पासून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाच्या नियमाने हॉटेलांना सक्तीची शुल्के धरूनच किंमत दाखवावी लागते. त्यामुळे हा हिशेब आता थोडा सोपा झाला आहे. सरकारी कर मात्र अजूनही वेगळे दिसू शकतात.

तिसरी भूमिका: घर भाड्याने घ्यावे

दोन मराठी कुटुंबे मिळून आठ-दहा जण निघाले, की हॉटेलाचा विचार मागे पडतो आणि घराचा विचार पुढे येतो. किसिमी-डेव्हनपोर्ट पट्ट्यातल्या चार-पाच खोल्यांच्या घरात मोठे स्वयंपाकघर, कपडे धुण्याचे यंत्र आणि मागे जाळी लावलेला तलाव असतो. माणशी खर्च काढला तर हा पर्याय अनेकदा सर्वांत स्वस्त ठरतो.

शाकाहारी घरांसाठी स्वयंपाकघर हा मोठा आधार असतो. सलग चौथ्या दिवशी पिझ्झा आणि फ्राइज पाहून आजीचे जेवण तुटते. तिला संध्याकाळी वरण-भात, मेतकूट, लोणचे एवढे मिळाले तरी पुरते. हॉटेलच्या साध्या खोलीत विजेची शेगडी लावू देत नाहीत. ऑरलँडोत भारतीय किराण्याची दुकाने आहेत, आणि डिस्नेच्या उद्यानांत घरून नेलेले खाणे चालते. काचेची बाटली आणि मद्य तेवढे नेता येत नाही. म्हणजे सकाळी घरी केलेल्या पोळ्या आणि भाजी डब्यात घालून नेता येतात. आवारात राहणाऱ्यांच्या बाजूने सांगायला हवे की डिस्नेची उपाहारगृहे आहाराच्या अटी आधी कळवल्यास लक्ष देतात, आणि ॲनिमल किंगडम लॉजच्या किडानी भागातल्या सना या उपाहारगृहात भारतीय वळणाचे पदार्थ, नान आणि चटण्या मिळतात.

घराच्या अडचणीही आहेत. गाडी लागतेच. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत सुरक्षा आसनावर बसवणे कायद्याने सक्तीचे आहे, त्यामुळे ऐनवेळी ॲपवरून टॅक्सी बोलावणेही सोपे नसते. स्वच्छतेचे शुल्क एकदाच पण भरपूर लागते, म्हणून दोन-तीन रात्रींसाठी घर महाग पडते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मागचा तलाव. लहान मुले असतील तर तलावाभोवती कुंपण आहे का, दारांना अलार्म आहे का, हे पैसे भरण्यापूर्वी विचारलेच पाहिजे. शिवाय सुट्टीत स्वयंपाक कोण करणार, हा प्रश्न घरात मोकळेपणाने बोलून ठरवायला हवा. घर घेतल्याने सगळ्यांचे पैसे वाचले आणि एकाच सुनेची सुट्टी गेली, तर ती बचत म्हणता येणार नाही.

हॉटेल आणि घर यांच्या मधला एक मार्ग म्हणजे डिस्ने व्हेकेशन क्लब. १९९१ मध्ये सुरू झालेल्या या योजनेत सभासद दरवर्षी गुण मिळवतात आणि त्या गुणांवर आवारातल्या सदनिकांत राहतात. वापरात नसलेले गुण सभासदाकडून भाड्याने घेतले, तर उंची गटातली स्वयंपाकघरासह सदनिका कंपनीच्या दरापेक्षा बरीच कमी किमतीत मिळू शकते. आरक्षण रद्द केल्यास पैसे मात्र बहुधा परत मिळत नाहीत. त्यामुळे व्हिसाची तारीख अजून हातात नसलेल्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा धोका नीट तोलावा.

चौथी भूमिका: मुक्काम विभागावा

अलीकडे अनुभवी प्रवासी एकाच हॉटेलात आठवडा काढण्याऐवजी मुक्काम दोन ठिकाणी विभागण्याचा सल्ला देतात. याला बळ युनिव्हर्सलमुळे मिळते. तिथल्या पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक या तीन हॉटेलांत राहणाऱ्या प्रत्येकाला युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन उद्यानांत रांग टाळण्याचा अमर्याद एक्सप्रेस पास खोलीबरोबरच मिळतो. येण्याचा आणि जाण्याचा असे दोन्ही दिवस त्यात धरले जातात, म्हणून एका रात्रीच्या भाड्यात दोन दिवसांचा पास हाती येतो. चौघांसाठी तो वेगळा घेतला तर गर्दीच्या दिवसांत खोलीच्या भाड्यालाही मागे टाकतो. एपिक युनिव्हर्समध्ये मात्र ही सवलत लागू नाही.

याच न्यायाने काही कुटुंबे डिस्नेचे तीन दिवस आवारात, युनिव्हर्सलची एक रात्र तिथल्या हॉटेलात आणि विश्रांतीचे दिवस बाहेरच्या घरात काढतात. हिशेबाला हे उत्तम. पण प्रत्येक बदलाला अर्धा दिवस जातो, बॅगा पुन्हा भराव्या लागतात, आणि तीन वर्षांच्या मुलाला नव्या पलंगावर पुन्हा झोपवावे लागते. मुले मोठी असतील तर ही भूमिका पटते. तान्हे आणि वृद्ध दोघेही बरोबर असतील, तर तिचे फायदे कागदावरच राहण्याचा संभव जास्त.

खोपोलीचा धडा

हाच प्रश्न महाराष्ट्रात निराळे रूप घेतो. खोपोलीजवळ मुंबई-पुणे द्रुतगती मार्गालगत इमॅजिका हे थीम पार्क एप्रिल २०१३ मध्ये उघडले. २०१४ मध्ये तिथे जलउद्यान आले आणि २०१५ मध्ये उद्यानाला लागून नोव्होटेल हॉटेल. मुंबई आणि पुणे ही दोन्ही शहरे दोनेक तासांच्या अंतरावर असल्याने बहुसंख्य पाहुणे सकाळी येऊन रात्री घरी परततात. पॅरिसमध्ये जे दिसले तेच इथेही लागू पडते. हॉटेलचा उपयोग होतो तो कोरडे उद्यान आणि जलउद्यान लागोपाठ दोन दिवस करणाऱ्यांना, नाशिक-सांगलीहून लांबचा प्रवास करून येणाऱ्यांना, आणि ओल्या कपड्यांतल्या झोपाळू मुलांना घेऊन रात्री घाट चढायचा नाही असे ठरवलेल्या पालकांना. ऑरलँडोत आठवड्याचा मुक्काम गृहीत असतो म्हणून हॉटेल कळीचे ठरते. खोपोलीत मुक्काम हाच आधी सिद्ध करावा लागतो.

जे अजून सुटलेले नाही

पहिला अनिर्णित प्रश्न सवलतींच्या भरवशाचा आहे. विमानतळावरून हॉटेलपर्यंतची मोफत बस २००५ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२२ मध्ये बंद पडली. हॉटेलच्या वाहनतळावर रात्रीचे शुल्क २०१८ मध्ये आले, २०२३ मध्ये गेले. तासाभराचा जादा प्रवेश २०२१ मध्ये अर्ध्या तासावर आला. रांग टाळण्याचा, १९९९ पासून मोफत असलेला फास्टपास २०२१ मध्ये सशुल्क रूपात परतला आणि २०२४ मध्ये त्याचे नाव आणि नियम पुन्हा बदलले. जेवणाची एकत्रित योजना २०२० मध्ये थांबली, २०२४ मध्ये परत आली. पाच वर्षांपूर्वी जाऊन आलेल्या मावशीचा सल्ला प्रामाणिक असला, तरी त्यातले निम्मे नियम आज लागू नसतील. सवलतींवर हॉटेल निवडावे का, यावर म्हणूनच एकमत नाही.

दुसरा प्रश्न मोजमापाचा. अर्ध्या तासाच्या लवकर प्रवेशाची किंमत किती? नाताळात आणि मार्चच्या सुट्ट्यांत ती मोठी, सप्टेंबरच्या मंगळवारी नगण्य. आवारात हजारो खोल्या आहेत, आणि सगळेच लवकर आले तर लवकर येण्याचा फायदा विरतो, हा आक्षेपही दुर्लक्षिण्याजोगा नाही.

तिसरा प्रश्न सल्ल्याच्या तटस्थतेचा. प्रवास-सल्लागारांना आरक्षणावर कमिशन मिळते, घरांच्या मालकांना आपली घरे भरायची असतात, क्लबच्या सभासदांना आपला व्यवहार योग्य ठरवायचा असतो. यात कुणी लबाडी करतो असे नव्हे, पण प्रत्येक सल्ल्यामागची गरज वाचकाने ओळखली पाहिजे.

चौथा प्रश्न मूल्यांचा आहे आणि तो हिशेबाने सुटणारा नाही. जास्त भाडे भरणाऱ्याला रांगेत पुढे जागा, हे तत्त्व काहींना खटकते; कष्टाने मिळवलेल्या सुट्टीत आपला वेळ विकत घेण्यात गैर काय, असे इतरांना वाटते. मुलांना घेऊन जाताना यापैकी काय पटते, हे ज्याने त्याने ठरवायचे आहे.

आजची स्थिती आणि निवाडा

सगळ्या भूमिका समोर ठेवल्यावर एवढे म्हणता येते: सवलती येतात-जातात, अंतर मात्र तसेच राहते. १९७१ मध्ये मोनोरेलवर असलेले हॉटेल आजही मोनोरेलवर आहे, पण त्या हॉटेलातल्या पाहुण्याला मिळणाऱ्या सोयी कितीदा तरी बदलल्या. म्हणून निवड करताना अंतर आधी तपासावे, खोलीत माणसे किती मावतात ते त्यानंतर, करासहित एकूण खर्च त्यानंतर, आणि सवलती शेवटी.

या क्रमाने पाहिले तर तीन-चार साधारण निष्कर्ष निघतात. पाच वर्षांखालचे मूल किंवा चालण्याची अडचण असलेले वडीलधारे बरोबर असतील आणि डिस्नेचे तीन-चार दिवस असतील, तर जवळचे हॉटेल जादा पैशांना जागते. त्यातही बसवर अवलंबून असलेल्या मध्यम गटातल्या हॉटेलापेक्षा स्कायलायनरवरचे स्वस्त हॉटेल अनेकदा उजवे. मुले दहाच्या पुढची, सगळे धडधाकट आणि स्थळे अनेक असतील, तर बाहेरचे नाश्त्यासह हॉटेल पुरेसे आहे. दोन कुटुंबे एकत्र, मुक्काम पाच रात्रींहून मोठा आणि कामाची वाटणी आधीच ठरलेली असेल, तर घर घ्यावे. युनिव्हर्सलच्या दोन जुन्या उद्यानांवर भर असेल, तर पास देणाऱ्या हॉटेलातली एक रात्र जरूर हिशेबात धरावी.

आरक्षण करण्यापूर्वी वाचकांनी एक करावे. घरातले सर्वांत लहान आणि सर्वांत थोरले माणूस किती वाजता उठते, केव्हा जेवते, दुपारी किती झोपते आणि किती पावले चालू शकते, ते कागदावर लिहावे आणि तो दिवस निवडलेल्या हॉटेलवर बसवून पाहावा. या दोघांना जे हॉटेल झेपते, ते बाकी सगळ्यांना झेपते.